एका वर्षाचे पाहुणे

अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला १९३० पासून आठ प्रशिक्षक लाभले आणि संघाची राष्ट्रीय विजेतेपदंही आठच आहेत. माणशी एक असा सोपा हिशेब मात्र लागत नाही. अडॉल्फ रप यांच्या नावावर एकट्याची चार (१९४८, १९४९, १९५१, १९५८). जो बी. हॉल (१९७८), रिक पिटिनो (१९९६), टबी स्मिथ (१९९८) आणि जॉन कॅलिपारी (२०१२) यांना प्रत्येकी एक. एडी सटन आणि बिली गिलिस्पी रिकाम्या हातांनी परतले. आठवे मार्क पोप २०२४ मध्ये आले. ही यादी केंटकीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. तरीही प्रशिक्षक चांगला की वाईट हा वाद तिथे कधीच मिटत नाही, कारण विजेतेपदं मोजता येतात, पण हाती आलेल्या पोरांचं प्रशिक्षकानं काय केलं, हे मोजण्याचं सर्वमान्य माप कुणाकडेच नाही. कॅलिपारी यांच्या पंधरा वर्षांत हा वाद जितका रंगला, तितका क्वचितच कुठे रंगला असेल.

या वादाची धग समजायला आधी जागा समजून घ्यावी लागते. केंटकीची लोकसंख्या सुमारे ४५ लाख, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. एनबीए या व्यावसायिक लीगचा एकही संघ या राज्यात नाही. लुइव्हिल शहरात केंटकी कर्नल्स नावाचा एक व्यावसायिक संघ होता, तो १९७६ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी लेक्सिंग्टनमध्ये रप अरिना हे बंदिस्त क्रीडागृह सुरू झालं. वीस हजारांवर माणसं बसतील एवढं मोठं, आणि तेही कॉलेजच्या मुलांच्या सामन्यांसाठी. पूर्वेकडच्या डोंगरांत, कोळशाच्या खाणींच्या गावांत हा संघ पोचला तो रेडिओवरून. केवुड लेडफर्ड यांचं समालोचन १९५३ पासून १९९२ पर्यंत, जवळजवळ चार दशकं, घराघरांत ऐकलं गेलं. सामना संपला की श्रोत्यांचे फोन घेणारे कार्यक्रम सुरू होतात आणि तिथे ट्रकचालकापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत प्रत्येक जण प्रशिक्षक असतो. कॉलेजचा संघ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं धुळीचं मैदान आणि चार बाकडी येतात. ते चित्र इथे उपयोगाचं नाही. २०१९ मध्ये विद्यापीठानं कॅलिपारी यांच्याशी केलेला दहा वर्षांचा करार सुमारे ८ कोटी ६० लाख डॉलरचा होता.

हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत संपतो. ६८ संघ, चार विभाग, प्रत्येक विभागात १ ते १६ मानांकनं, आणि हरला तो घरी. चार महिने झुंजून तीस सामने जिंकलेल्या संघाचं वर्ष चाळीस मिनिटांच्या एका सामन्यात मातीत जाऊ शकतं. चाहते प्रशिक्षकाचा निकाल लावतात तो बहुधा याच चाळीस मिनिटांवर. संख्याशास्त्राचा जुजबी परिचय असलेला माणूसही सांगेल की एवढ्याशा नमुन्यावरून असा निष्कर्ष काढू नये. पण हे मार्च महिन्यात केंटकीत कुणाला सांगायला जाऊ नये.

प्रशिक्षकाला पारखण्याची अडचण या खेळाच्या जन्मापासूनची आहे. १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे बास्केटबॉलचा शोध लावणारे जेम्स नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांचा तिथला हिशेब ५५ विजय आणि ६० पराभव असा आहे. कॅन्ससच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले ते एकमेव प्रशिक्षक, आणि हा खेळ त्यांनीच जगाला दिलेला! त्यांचे शिष्य फॉग ॲलन यांनी मात्र कॅन्ससला ३९ हंगाम घडवलं. ॲलन यांच्या हाताखाली खेळलेले रप केंटकीला गेले आणि त्यांनी ८७६ सामने जिंकले. ॲलन यांचेच दुसरे विद्यार्थी डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायनात प्रशिक्षक झाले. १९६५ मध्ये एका पराभवानंतर तिथल्या विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा टांगला होता. स्मिथ निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ८७९ विजय होते, रप यांच्यापेक्षा तीन जास्त. ड्यूक विद्यापीठाचे माइक शशेव्हस्की यांचे पहिले तीन हंगाम ३८ विजय आणि ४७ पराभव असे गेले. त्यांना हाकला, अशी ओरड देणगीदारांनी केली होती. विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनी ती कानाआड केली आणि पुढे शशेव्हस्की यांनी पाच विजेतेपदं आणली. चाहत्यांचा अंदाज किती चुकतो याचे दाखले म्हणून ही नावं नेहमी दिली जातात. ज्या असंख्य प्रशिक्षकांबद्दल चाहत्यांचा अंदाज बरोबर ठरला, त्यांची नावं अर्थातच कुणाच्या लक्षात नसतात.

केंटकीत तर जिंकणाराही सुटत नाही. जो बी. हॉल केंटकीचेच सुपुत्र. रप यांच्यानंतर ते गादीवर बसले. १९७८ च्या त्यांच्या संघावर विजेतेपदाच्या अपेक्षेचं ओझं इतकं होतं की खेळाडूंच्या चेहऱ्यावर हसू दिसत नसे, आणि तो हंगाम आनंदाविनाचा हंगाम म्हणूनच ओळखला जातो. टबी स्मिथ यांनी १९९८ मध्ये पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवलं, तर ते पिटिनो यांनी जमवलेल्या पोरांचं असल्याचं कुजबुजलं गेलं. केंटकीचे ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. ज्या विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू १९७० च्या हंगामात मैदानावर उतरला, तिथे या गोष्टीला अर्थ होता, आणि त्यांच्यावरच्या टीकेत तोही एक धागा असल्याचं अनेकांनी लिहिलं आहे. २००३ मध्ये त्यांच्या संघानं सलग २६ सामने जिंकले, तरी अंतिम चार संघांत जाता आलं नाही. १९९८ नंतर त्यांना ते कधीच जमलं नाही. हंगामात दहा पराभव होऊ लागले तेव्हा त्यांना ‘टेन-लॉस टबी’ हे नाव चिकटलं. त्यांच्याविरुद्धची मुख्य तक्रार होती ती शाळांमधून वरच्या दर्जाची पोरं न आणण्याची. आहेत त्या मुलांना ते बचाव शिकवतात, शिस्त लावतात, त्यांना पुढे नेतात, हे टीकाकारांनाही मान्य होतं. २००७ मध्ये ते मिनेसोटाला निघून गेले. गिलिस्पी दोन वर्षं टिकले. मग कॅलिपारी आले, आणि तक्रार नेमकी उलटी झाली. टबी रत्नं आणत नाहीत म्हणून बोंब होती, कॅलिपारी आणलेल्या रत्नांना पैलू पाडत नाहीत म्हणून.

रत्नं आणण्याची पद्धतच तोवर बदललेली होती. एनबीएच्या २००५ च्या करारानं शाळेतून थेट व्यावसायिक संघात जाण्याची वाट बंद केली. अमेरिकी खेळाडूचं वय १९ हवं आणि शाळा संपून एक वर्ष उलटलेलं हवं, अशी अट आली. २००६ च्या ड्राफ्टपासून, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेण्याच्या एनबीएच्या वार्षिक निवडीपासून, ती लागू झाली. त्यामुळे सर्वांत गुणी मुलं एका वर्षापुरती कॉलेजात येऊ लागली. ‘वन अँड डन’ हे या प्रकाराचं नाव. बहुतेक प्रशिक्षकांना ही कटकट वाटली. मेम्फिसमध्ये असताना कॅलिपारी यांना तिच्यात संधी दिसली, आणि २००९ मध्ये केंटकीत आल्यावर त्यांनी संपूर्ण संघच या पाहुण्यांवर उभारला. मुलांच्या आई-वडिलांना ते उघड सांगत की इथे खेळाडू आधी, विद्यापीठ नंतर.

पहिल्याच संघात जॉन वॉल, डिमार्कस कझिन्स, एरिक ब्लेडसो असे तरुण होते. ३५ सामने जिंकून हा संघ वेस्ट व्हर्जिनियासमोर गारद झाला. त्या सामन्यात तीन गुणांच्या ३२ फेकींपैकी केवळ ४ बास्केटमध्ये गेल्या. जूनमध्ये ड्राफ्ट झाला आणि केंटकीचे पाच खेळाडू पहिल्याच फेरीत निवडले गेले. असं कोणत्याही कॉलेजच्या बाबतीत पूर्वी घडलं नव्हतं. केंटकीच्या बास्केटबॉलच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस आहे, असं कॅलिपारी त्या रात्री म्हणाले. सात विजेतेपदांच्या पताका ज्यांच्या डोक्यावर फडकत होत्या त्या चाहत्यांना हे वाक्य झोंबलं, आणि ते विसरलं गेलं नाही. पुढच्या पंधरा वर्षांच्या भांडणाचं बीज त्या एका वाक्यात आहे. प्रशिक्षकाच्या वहीत मुलांचं एनबीएत जाणं जमेच्या बाजूला होतं. चाहत्यांच्या वहीत त्या रकान्याला जागाच नव्हती.

सुरुवातीला दोन्ही वह्या जुळत गेल्या, त्यामुळे कुणी फार कुरकुरलं नाही. २०११ मध्ये अंतिम चारांत प्रवेश, २०१२ मध्ये अँथनी डेव्हिसच्या संघानं ४० पैकी ३८ सामने जिंकून न्यू ऑर्लिन्समध्ये कॅन्ससला ६७-५९ असं हरवून मिळवलेलं आठवं विजेतेपद, आणि त्याच संघातल्या सहा जणांची ड्राफ्टमध्ये निवड. २०१३ मध्ये संघाला राष्ट्रीय स्पर्धेत जागाच मिळाली नाही, पण २०१४ मध्ये पाच नवखे एकदम मैदानावर उतरवून कॅलिपारी अंतिम सामन्यापर्यंत गेले. सहा वर्षांत चार वेळा अंतिम चार.

चौथी वेळ २०१५ ची. त्या वर्षी कॅलिपारी यांच्याकडे एवढे गुणी खेळाडू जमले की त्यांनी हंगामाच्या सुरुवातीला पाच-पाचांच्या दोन तुकड्या करून त्या आलटून-पालटून खेळवल्या. पुढे एनबीएच्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला कार्ल-अँथनी टाऊन्स चाळीस मिनिटांच्या सामन्यात सरासरी २१ मिनिटं खेळला. डेव्हिन बुकर हंगामभरात एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाचांत नव्हता. दोनच वर्षांनी एनबीएच्या एका सामन्यात त्यानं ७० गुण केले. संघ ३८ सामने खेळला आणि ३८ जिंकला. ४ एप्रिलला इंडियानापोलिसमध्ये उपांत्य फेरीत समोर विस्कॉन्सिन आलं.

विस्कॉन्सिनचा म्होरक्या फ्रँक कामिन्स्की चौथ्या वर्षात होता. पहिल्या वर्षी त्याची सरासरी सामन्याला १.८ गुणांची होती, दुसऱ्या वर्षी ४.२, तिसऱ्या वर्षी १३.९ आणि चौथ्या वर्षी १८.८. खेळाडू घडवणं म्हणजे काय याचं चाहत्यांच्या मनात जे चित्र असतं, ते या चार आकड्यांत तंतोतंत उतरलेलं आहे: कुणाच्या खिजगणतीत नसलेला उंच, अवघडलेला पोरगा, चार उन्हाळे घाम गाळणारा, आणि शेवटी देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. त्या रात्री त्यानं २० गुण केले आणि ११ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फेकींनंतरचे चेंडू, घेतले. शेवटच्या मिनिटांत केंटकीच्या पोरांना काय करावं सुचेना. तेव्हाच्या नियमानुसार ३५ सेकंदांत चेंडू फेकायचा असे, तो फेकायच्या आत वेळ संपली, आणि असं लागोपाठ घडलं. विस्कॉन्सिन ७१, केंटकी ६४. गुणवत्तेवर अनुभवानं मात केली, असं दुसऱ्या दिवशी सगळीकडे लिहून आलं. गंमत अशी की दोनच दिवसांनी त्याच विस्कॉन्सिनला अंतिम सामन्यात ड्यूकनं हरवलं, आणि ड्यूकच्या त्या संघातले तीन मुख्य खेळाडू एका वर्षाचे पाहुणेच होते. पण मत बनून गेलेलं होतं.

आता पुढचं पान उलटून पाहिलं तर कामिन्स्की एनबीएत नवव्या क्रमांकावर निवडला गेला आणि तिथे त्याची कारकीर्द बेताचीच राहिली. त्या रात्री हरलेले टाऊन्स आणि बुकर तारे झाले. यातलं घडवणं कोणतं? विस्कॉन्सिनच्या प्रशिक्षकांनी पोराला चार वर्षांत शिखरावर नेलं आणि त्या शिखराचं फळ स्वतःच्या विद्यापीठाला मिळवून दिलं. कॅलिपारी यांनी ज्यांना आठ महिने हाताळलं त्यांचं शिखर आलं काही वर्षांनी, फिनिक्समध्ये नाहीतर मिनेसोटात. ते त्या आठ महिन्यांमुळे आलं की त्याविनाही आलं असतं, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यांत सापडत नाही.

कारण निवड आणि घडण यांना वेगळं करणं फार अवघड. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की आपल्याकडे चौकाचौकांत क्लासचे फ्लेक्स लागतात आणि पहिल्या शंभरातल्या मुलांचे फोटो झळकतात. ती मुलं दहावीलाही पहिल्या शंभरात होती, आणि क्लासनं त्यांना चाचणी घेऊन, फी माफ करून बोलावलं होतं, हे फ्लेक्सवर नसतं. कॅलिपारी यांच्या टीकाकारांचा मुद्दा हाच आहे. देशातली सर्वांत नावाजलेली शाळकरी पोरं दरवर्षी उचलायची आणि ती एनबीएत गेली की श्रेय घ्यायचं. त्यांच्या कारकिर्दीत केंटकीचे चाळीसहून जास्त खेळाडू ड्राफ्टमध्ये निवडले गेले आणि तीन वेळा पहिला क्रमांक केंटकीचाच होता: वॉल, डेव्हिस, टाऊन्स. पण हे तिघे कुठल्याही कॉलेजात गेले असते तरी वरच राहिले असते, हे कॅलिपारींचे समर्थकही कबूल करतील. शिवाय अठरा-एकोणीस वर्षांचं शरीर आपसूकच भरतं. त्या वयात पोराचा खेळ वर्षभरात सुधारला नाही तरच नवल.

म्हणून समर्थक वेगळी नावं पुढे करतात. शे गिल्जस-अलेक्झांडर २०१७ मध्ये आला तेव्हा त्या वर्षीच्या नव्या मुलांत तो सर्वांत नावाजलेला नव्हता. हंगामाच्या सुरुवातीला त्याला राखीव बाकावर बसावं लागलं. मार्चपर्यंत संघ त्याच्या तालावर चालू लागला. ड्राफ्टमध्ये तो अकरावा निवडला गेला. २०२५ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच्या ओक्लाहोमा सिटी संघानं विजेतेपद पटकावलं. इमॅन्युएल क्विक्ली पहिल्या वर्षी सामन्याला ५.२ गुण करत होता, दुसऱ्या वर्षी १६.१, आणि विद्यापीठांच्या ज्या गटात केंटकी खेळतं त्यातला सर्वोत्तम खेळाडू झाला. पी. जे. वॉशिंग्टननं पहिल्या वर्षी तीन गुणांच्या फेकींपैकी २४ टक्केही साधल्या नव्हत्या, दुसऱ्या वर्षी ४२ टक्के साधल्या. निक रिचर्ड्सला तीन वर्षं लागली: ५.१, ३.९ आणि मग १४. ही माणसं कामिन्स्कीचीच भावंडं आहेत, केवळ ती लवकर निघून गेली म्हणून चाहत्यांच्या मनात त्यांची गोष्ट पुरी झाली नाही. टीकाकारांकडेही उलटी नावं आहेत. स्काल लाबिसिएर शाळेत असताना त्याच्या वयाच्या मुलांत अगदी वरच्या क्रमांकावर होता, केंटकीत त्याची सरासरी ६.६ गुणांवर अडली. २०१४ ची दौड ज्याच्या शेवटच्या क्षणांतल्या फेकींनी गाजली तो आरन हॅरिसन आणि त्याचा जुळा भाऊ दुसऱ्या वर्षी थांबले आणि त्यांचा भाव वाढण्याऐवजी उतरला. आरनला ड्राफ्टमध्ये कुणी निवडलंच नाही.

एक उदाहरण दोन्ही बाजूंना अडचणीत टाकतं. ऑस्कर शिब्वे हा काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून आलेला, वेस्ट व्हर्जिनिया सोडून केंटकीत दाखल झालेला दणकट खेळाडू. २०२१-२२ मध्ये त्यानं सामन्याला १५.१ रिबाउंड घेतले आणि तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. चाहते ज्याची आस धरून होते तसा तो आणखी एक वर्ष थांबलाही. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये मात्र त्याचं नाव आलंच नाही. कॉलेजच्या खेळात जे सोन्यासारखं ठरतं ते पुढच्या पायरीवर चालतंच असं नाही. चाहत्यांना घडलेला खेळाडू हवा असतो तो मार्चसाठी, मुलाला घडायचं असतं ते पुढच्या पंधरा वर्षांसाठी, आणि ही दोन घडणं वेगळी असू शकतात. व्हिलानोव्हाचे जे राइट यांना या दोन्ही गोष्टी एकत्र साधल्या. जेलन ब्रन्सन, जॉश हार्ट, मिकाल ब्रिजेस यांना तीन-तीन, चार-चार वर्षं ठेवून त्यांनी २०१६ आणि २०१८ ची विजेतेपदं जिंकली, आणि ही मुलं एनबीएतही टिकली. ब्रन्सन तर ड्राफ्टमध्ये ३३ वा होता. केंटकीच्या चाहत्यांना व्हिलानोव्हाचा हेवा वाटायचा तो याचमुळे.

२०१५ नंतर अंतिम चार हे केंटकीसाठी स्वप्न होऊन बसलं. २०१७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध ७५-७३, २०१९ मध्ये ऑबर्नविरुद्ध जादा वेळेत, अशी दारं एका पावलावरून बंद झाली. २०२०-२१ मध्ये ९ विजय आणि १६ पराभव. तोवर तक्रारीचा सूर बदलला होता. आता पोरांइतकंच प्रशिक्षकाच्या डावपेचांवर बोट ठेवलं जाऊ लागलं. बास्केटबॉलचं सगळं जग तीन गुणांच्या फेकींकडे वळलं, केंटकी मात्र आतल्या गर्दीत चेंडू घुसवत राहिलं, आणि जे खेळाडू पुढे एनबीएत बाहेरून सहज नेम साधताना दिसले ते इथे कोपऱ्यात उभे होते. आकडेतज्ज्ञ केन पॉमेरॉय यांच्या पद्धतीचे, दर शंभर चढायांमागे किती गुण केले आणि किती दिले हे सांगणारे आकडे आता सामान्य चाहत्याच्याही तोंडी असतात. त्यामुळे रेडिओवरच्या फोनांना पूर्वी नव्हती ती धार आली. बुकर आणि त्याच्यानंतर केंटकीत खेळलेले मरी, मॅक्सी यांचा एनबीएतला खेळ पाहून समर्थक म्हणत की बघा, हे सगळे आमचे. टीकाकार तीच नावं घेऊन विचारत की मग आमच्याकडे असताना हे असे का खेळले नाहीत?

मार्च २०२२ मध्ये दुसऱ्या मानांकनाच्या केंटकीला जर्सी सिटीतल्या सेंट पीटर्स या चिमुकल्या कॉलेजनं जादा वेळेत ८५-७९ असं हरवलं. त्या कॉलेजचं मानांकन पंधरावं होतं. शिब्वेनं ३० गुण आणि १६ रिबाउंड घेऊनही काही उपयोग झाला नाही. त्याच उन्हाळ्यात केंटकी ही बास्केटबॉलची शाळा आहे, फुटबॉलची नव्हे, असं कॅलिपारी बोलून गेले आणि विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकांनी त्यांना जाहीर टोला हाणला. घरच्या भांडणांची लक्तरंही वेशीवर टांगली गेली.

२०२३-२४ मध्ये कॅलिपारी बदलले. त्या संघानं बाहेरून धडाधड नेम साधले, गुणांचा पाऊस पाडला. बचाव मात्र गळका होता. त्या संघात रीड शेपर्ड होता, केंटकीतल्या लंडन गावचा. त्याचे वडील १९९८ च्या विजेत्या संघाचे नायक, आईही केंटकीची खेळाडू. तीन गुणांच्या ५२ टक्के फेकी साधणारा हा मुलगा बहुतेक सामन्यांत राखीव बाकावरून उठून आला आणि चाहत्यांचं प्रेम व राग दोन्ही त्याच्याभोवती गोळा झाले.

घरच्या मुलांबद्दलच्या या मायेला जुना इतिहास आहे. १९८९ मध्ये गैरव्यवहारांमुळे संघावर बंदी आली तेव्हा अनेक जण सोडून गेले. जे चौघे थांबले त्यांतले तिघे केंटकीचे होते. १९९२ मध्ये ड्यूकनं अखेरच्या क्षणी १०४-१०३ असं हरवून त्यांचा प्रवास संपवला. तरी विद्यापीठानं त्या चौघांच्या जर्सी मानानं छतावर चढवल्या. ‘द अनफर्गेटेबल्स’ हे त्यांचं नाव. त्यांच्याकडे विजेतेपद नव्हतं आणि एनबीएत त्यांच्यातला कुणी तारा झाला नाही. केंटकीच्या चाहत्याच्या लेखी खेळाडूची घडण कशाला म्हणतात, ते या चार जर्सींवरून अर्धंअधिक कळतं: थांबण्याला तिथे कौशल्याइतकंच मोल आहे. आठ महिन्यांत कुणी कितीही सुधारला तरी या मापात तो कमी भरणारच.

२१ मार्च २०२४ ला पिट्सबर्गमध्ये तिसऱ्या मानांकनाचं केंटकी चौदाव्या मानांकनाच्या ओकलंडकडून ८०-७६ असं हरलं. हे ओकलंड मिशिगनमधलं. त्याचे प्रशिक्षक ग्रेग कँप तिथे १९८४ पासून होते. त्यांच्या जॅक गोल्की या खेळाडूनं ३२ गुण केले, त्यांतले ३० तीन-तीनच्या दहा फेकींतून. गोल्की दुय्यम श्रेणीच्या कॉलेजातून आलेला, पदवी घेऊन झालेला, चांगला मिसरूड फुटून जुना झालेला गडी होता, आणि शेपर्डला त्या रात्री केवळ तीन गुण करता आले. जूनमध्ये शेपर्ड ड्राफ्टमध्ये तिसरा निवडला गेला. गोल्कीला कुणी विचारलं नाही. २०१५ च्या रात्रीचा हिशेब इथे पुन्हा जसाच्या तसा मांडला गेला, समोर कामिन्स्कीच्या तोडीचा कुणी नसतानाही.

कॅलिपारी यांना काढायचं तर विद्यापीठाला सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर मोजावे लागले असते, असं तेव्हा छापून आलं. क्रीडा संचालकांनी ते राहणार असल्याचं जाहीर केलं. पण दोन-तीन आठवड्यांतच ते स्वतः आर्कान्सॉ विद्यापीठाकडे निघून गेले. केंटकीतला त्यांचा हिशेब ४१० विजय, १२३ पराभव, एक विजेतेपद. त्यांच्या जागी १९९६ च्या विजेत्या संघाचे कर्णधार मार्क पोप आले. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात असताना पोप यांना राष्ट्रीय स्पर्धेत एकही सामना जिंकता आला नव्हता, म्हणून पहिल्या दिवशी चाहत्यांनी नाकं मुरडली. दोन दिवसांनी त्यांच्या स्वागताला रप अरिना भरून वाहिलं.

तोवर खाली जमीनच सरकलेली होती. २०१८ मध्ये बदलीची नोंदवही सुरू झाली. २०२१ पासून खेळाडूंना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येऊ लागलं आणि स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. पोप यांच्या पहिल्या संघात आदल्या वर्षीचा शिष्यवृत्तीधारक एकही खेळाडू नव्हता. इतर कॉलेजांतून आलेले बावीस-तेवीस वर्षांचे गडी एकत्र करून त्यांनी ड्यूकला आणि टेनेसीला हरवलं. हे खेळाडू कुणी घडवले म्हणायचे? पहिल्या तीन वर्षांच्या प्रशिक्षकानं, की शेवटच्या आठ महिन्यांच्या? कॅलिपारींच्या पाहुण्यांबद्दलचा जुना प्रश्न आता सगळ्यांच्याच गळ्यात पडला आहे.

१ फेब्रुवारी २०२५ ला कॅलिपारी आर्कान्सॉचा संघ घेऊन रप अरिनात उतरले. लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. आर्कान्सॉनं सामना ८९-७९ असा जिंकला. मार्चमध्ये दोघांचेही संघ शेवटच्या सोळांत पोचून थांबले. पोप यांच्या त्या संघात ट्रॅव्हिस पेरी नावाचा नवखा होता. केंटकीच्या शालेय बास्केटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक गुण केलेला, गावाकडचा, चाहत्यांनी चार वर्षं जपून वाढवावा असा. एक हंगाम खेळून एप्रिलमध्ये तो मिसिसिपी विद्यापीठाकडे गेला.